आधी आत्मविश्वास की आधी काम? लाइफ कोच घ्यावा का, यावर माझं उत्तर

ताई, तुमच्या पोस्टमधला प्रश्न मला समजला तो असा. हिशोब विभागात तुमची चांगली नोकरी होती, मूल झाल्यावर ती सोडली आणि आठ वर्षं घरी गेली. आता काहीतरी करायचंय, पण ‘आत्मविश्वासच उरला नाही, आणि नक्की काय हवंय तेही कळत नाही’ असं वाटतंय. एका लाइफ कोचने, म्हणजे फी घेऊन ध्येय ठरवायला आणि ते तडीस न्यायला मदत करणाऱ्याने, सहा महिन्यांचा कार्यक्रम सुचवलाय. पूर्ण फी आगाऊ, आणि आजच ठरवलं तर सवलत. घ्यावा का?

आज पैसे भरू नका. कोचिंग वाईट असतं म्हणून नव्हे. स्वतःवरचा विश्वास डळमळलेल्या बाईला ‘आजच ठरवा’ म्हणून घाई करणं हेच मला खटकतं. ज्या कोचला तुमची निर्णयक्षमता वाढवायची आहे, तो तुम्हाला निर्णयासाठी आठवडाभर नक्की देईल.

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात होते, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसायचे. नंतर कोचिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. आता मोठ्या खंडानंतर कामावर परतणाऱ्या बायकांबरोबर काम करते. कोचिंगवर माझा मनापासून विश्वास आहे, त्यामुळेच ते भलत्या आशेवर विकलं गेलेलं मला बघवत नाही.

‘आत्मविश्वास आला की अर्ज करीन’ हे वाक्य मी पहिल्या भेटीत सतत ऐकते. क्रम उलटा आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी केली. त्याने चार स्रोत सांगितले. एक, स्वतः करून तडीस नेलेलं काम. दोन, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं. तीन, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर. चार, शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, थकवा, आणि त्याचा आपण लावलेला अर्थ. यांत सगळ्यात भक्कम पहिला. प्रेरणादायी भाषणं, ‘तू करू शकतेस’चे मेसेज, ग्रुपमधल्या टाळ्या हे सगळं तिसऱ्यात मोडतं. त्याने बरं वाटतं, पण पहिली अडचण आली की ते ओसरतं. फार सोप्या कामांनीही भागत नाही, कारण झटपट यशाची सवय लागली की पहिल्या नकाराने माणूस जास्त खचतो, हेही बांडुरानेच सांगितलंय. काम थोडं अवघड हवं, पण हाताबाहेरचं नको.

आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल चांगली वाक्यं म्हणण्याचा गृहपाठ अनेक कोच देतात. २००९ मध्ये जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी याची चाचणी घेतली. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर उलट अधिक वाईट वाटलं. मला त्यात नवल वाटत नाही. आपल्याला न पटणारं वाक्य मोठ्याने म्हटलं की आतून लगेच उलटतपासणी सुरू होते.

मग काय करायचं? पुरावा गोळा करायचा. एका बाईंचं सांगते, ओळख पटेल असं काही न देता. त्यांनी बायोडेटात मधल्या वर्षांसाठी एकच ओळ लिहिली होती: ‘वडिलांच्या आजारपणात मदत केली.’ मी विचारलं, मदत म्हणजे काय? त्या म्हणाल्या, ‘विशेष काही नाही, कागदपत्रं बघायचे.’ पुढच्या भेटीला ती फाइल घेऊन या म्हटलं. त्यांनी आणलेल्या फाइलमध्ये प्रत्येक बिलाला क्रमांक होता. पुढे विमा कंपनीला केलेल्या फोनची यादी होती, त्यात तारीख, वेळ, कोण बोललं, काय आश्वासन दिलं. दावा आधी नाकारला गेला होता. त्यांनी तीन वेळा लेखी अपील केलं आणि तिसऱ्या वेळी तो मंजूर झाला. ते अपिलाचं पत्र मी नीट वाचलं. पॉलिसीचं कलम, डॉक्टरांच्या नोंदीतली तारीख आणि कंपनीच्या उत्तरातली विसंगती, तिन्ही एका पानात मांडलं होतं. मी ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतल्या फार थोड्या जणांना असं पत्र लिहिता आलं असतं.

आम्ही ती ओळ बदलून लिहिली: ‘नाकारलेल्या विमा दाव्याचा पाठपुरावा, सर्व कागदपत्रांची जुळणी, तीन लेखी अपिलं, दावा मंजूर.’ त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. ‘हे सगळं खरंय,’ म्हणाल्या, ‘पण असं म्हणायला लाज वाटते.’ यात बढाईचा एक शब्द नव्हता, प्रत्येक शब्द फाइलमध्ये दाखवता येत होता. त्यांना मी एकच काम दिलं: ही ओळ घराबाहेरच्या दोन माणसांना वाचून दाखवायची. घरच्यांना नको, कारण घरचे ‘छान’ म्हणतात आणि विषय संपतो. बाहेरचा माणूस पुढचा प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर देता देता आपण काय केलंय ते आपल्याच कानावर पडतं.

तुमच्याकडेही अशी फाइल असणार. या आठवड्यात बसा आणि आठ वर्षांत तुम्ही सुरू करून शेवटाला नेलेल्या गोष्टी लिहून काढा. ‘मदत केली’, ‘सांभाळलं’, ‘बघितलं’ ही क्रियापदं खोडा. त्यांच्या जागी काय केलं, किती जणांसाठी, किती दिवसांत, शेवटी काय झालं ते लिहा.

करिअरमधल्या खंडाबद्दल मुलाखतीच्या त्या बाजूचं सांगते. खंड किती वर्षांचा, याची काळजी विचारणाऱ्याला सहसा कमी असते. त्याला दोनच शंका असतात: ज्ञान जुनं झालंय का, आणि ही टिकेल का. म्हणून उत्तर दोन वाक्यांचं ठेवा. ‘मूल लहान होतं, म्हणून आठ वर्षं मी पूर्णवेळ घरी होते. आता घरची व्यवस्था लागली आहे आणि गेले तीन महिने मी अमुक सॉफ्टवेअरवर एका संस्थेचे हिशोब लिहिते आहे.’ एवढं बोलून थांबायचं. माफीचा सूर नको, लांबलचक कारणं नकोत. मात्र दुसरं वाक्य खरं असलं पाहिजे. म्हणून तुमचं पहिलं काम माझ्या मते हेच: ओळखीतल्या छोट्या व्यवसायाचे किंवा संस्थेचे हिशोब ठरावीक मुदतीसाठी हातात घ्या, आणि महिनाअखेरीला बँकेच्या खात्याशी जुळवून दाखवा. पहिल्या महिन्याचा ताळा जुळेल, त्या दिवशी जे वाटेल ते कुठल्याही कार्यक्रमात मिळत नाही.

आता ‘मला नक्की काय हवंय’ याकडे येऊ. डोळे मिटून आत शोधलं की जीवनाचं ध्येय सापडेल, असं अनेक कार्यक्रमांत सांगतात. मला हे पटत नाही. करिअर बदलणाऱ्या माणसांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या हर्मिनिया इबारा यांना वेगळं दिसलं. लोक आधी स्पष्टता मिळवून मग पाऊल उचलत नाहीत. ते थोडं करून बघतात, नव्या माणसांत मिसळतात, आणि त्यातून स्वतःबद्दल काहीतरी कळतं. म्हणून ध्येय शोधण्याऐवजी तीन-चार छोटे प्रयोग करा: हिशोबाचं काम, कुणाला तरी शिकवणं, एखाद्या संस्थेत नियोजन. प्रत्येकानंतर स्वतःला एकच विचारा की या कामातला कंटाळवाणा भाग मला चालतो का? कामातला आकर्षक भाग सगळ्यांनाच आवडतो. टिकतो तो माणूस, ज्याला त्या कामाचा रटाळ भागही सोसतो. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत तुम्ही खुर्ची सोडायचा नाहीत. माझ्या दृष्टीने तुमच्या पोस्टमधली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहून गेलात.

माणसांबद्दल थोडं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या प्रसिद्ध लेखात दाखवलं की नोकरीची माहिती बहुतेक वेळा जिवलगांकडून येत नाही, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्या लोकांना आपल्याइतकंच माहीत असतं. तेव्हा जुन्या ऑफिसमधल्या पाच जणांना लिहा. नोकरी मागू नका, वीस मिनिटं मागा: ‘या कामात इतक्या वर्षांत काय बदललं ते समजून घ्यायचंय.’ बहुतेक लोक याला आनंदाने हो म्हणतात.

एक गोष्ट मात्र कुठलाही कोच तुम्हाला सांगत नसेल तर मी सांगते. सगळा दोष तुमच्या मनात नाही. शेली कोरेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज खऱ्या कंपन्यांना पाठवले, फरक एवढाच की एका अर्जात ती आई असल्याचा उल्लेख होता. मुलं नसलेल्या स्त्रीला आईच्या दुपटीहून जास्त वेळा बोलावणं आलं. वडिलांना असा तोटा झाला नाही. पगाराची घासाघीस करणाऱ्या बायकांकडे पुरुषांपेक्षा जास्त नापसंतीने पाहिलं जातं, हेही हॅना रायली बोल्स आणि लिंडा बॅबकॉक यांच्या संशोधनात त्याच वर्षी दिसलं. त्यामुळे दहा अर्जांना उत्तर आलं नाही तर ‘माझ्यातच कमी आहे’ असा निष्कर्ष काढू नका. अर्ज वाढवा, ओळखीतून जा, आणि पगाराच्या बोलणीआधी बाजारात त्या कामाला काय मिळतं ते लिहून न्या. प्रत्येक अडचणीचं मूळ ‘तुमचा माइंडसेट’ असं सांगणारा कोच तुमच्या खांद्यावर आणखी एक ओझं ठेवतोय.

आता कोच निवडायचाच असेल तर. जवळपास सगळीकडे हा व्यवसाय कायद्याने नियंत्रित नाही. कुणीही उद्यापासून स्वतःला लाइफ कोच म्हणवू शकतं. म्हणून निदान प्रशिक्षण विचारा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये स्थापन झालेली संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. एसीसी या पहिल्या पातळीसाठी किमान १०० तास, पीसीसी या मधल्या पातळीसाठी ५०० तास आणि एमसीसी या सर्वांत वरच्या पातळीसाठी २५०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, शिवाय प्रशिक्षणाचे तास वेगळे. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगलाच असतो असं नाही, पण कुणीतरी त्याचं काम तपासलंय एवढं कळतं.

त्याहून महत्त्वाचं, एक सत्र घेऊन बघा. चांगल्या सत्रात तुम्ही जास्त बोलता, कोच कमी. बरेच कोच जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली ग्रो पद्धत वापरतात: काय साधायचंय, आज परिस्थिती काय, पर्याय कोणते, आणि यातलं नक्की काय, कधी करणार. शेवटचा भाग न करता भेट संपली तर ती फक्त गप्पा झाल्या. कोचला विचारा: ‘आपलं काम संपलं हे आपल्याला कशावरून कळेल? मधेच थांबवायचं असेल तर पैशांचं काय?’ उत्तर लेखी घ्या. महिन्या-महिन्याने फी घेणारा माणूस निवडा. आणि सहा महिन्यांनी ‘आता तुम्हीही कोच व्हा, आमचा पुढचा कोर्स घ्या’ असं म्हणणारी जागा सोडाच. तिथे तुमची वाढ हा त्यांचा विक्रीचा पुढचा टप्पा असतो.

कोच, मेंटर आणि समुपदेशक यांत गल्लत करू नका. हिशोबाच्या क्षेत्रात आज काय चालतं हे त्याच क्षेत्रातली अनुभवी मेंटर सांगेल, तेही बहुधा फुकट. ठरवलेलं तडीस न्यायला कोच उपयोगी. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. कधी जीव नकोसा वाटला तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा. घरात मारहाण किंवा धाक असेल तर तो प्रश्न आत्मविश्वासाचा नाही, सुरक्षिततेचा आहे. तिथे कायदेशीर मदत आणि महिलांसाठीची हेल्पलाइन लागते, कोच नव्हे.

फीसाठी पैसे नसतील, किंवा निर्णयाला वेळ हवा असेल, तर दरम्यान हे सुरू करा. तुमच्यासारख्याच आणखी दोघी शोधा, इथेही मिळतील. आठवड्यातून एकदा एक तास, प्रत्येकीला वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं गेल्या वेळी ठरवलेलं झालं का, आणि नसेल तर कशात अडकलं. पुढची दहा मिनिटं बाकीच्या दोघी फक्त प्रश्न विचारतील, सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळणं सगळ्यात जड जातं, पण तोच मोडू देऊ नका. शेवटच्या पाच मिनिटांत एक काम, एक तारीख, आणि ते झाल्याचं कळवणारा मेसेज कुणाला करायचा ते नाव. तिघींनी एका वहीत नोंद ठेवा. दोन महिन्यांनीही कोच हवा असं वाटलं, तर ती वही घेऊन जा. पहिल्याच भेटीत तुम्हाला काय हवंय ते नेमकं सांगता येईल, आणि सहा महिन्यांऐवजी कदाचित चार सत्रांत काम होईल.