कोटिंग ड्रममध्येच का फाटतं?

प्रश्न : आम्ही गच्चीवर लावायचं एसबीआर लॅटेक्सचं (पाण्यात विखुरलेल्या कृत्रिम रबराचं) वॉटरप्रूफ कोटिंग बनवतो. फेब्रुवारीत भरलेले सहा ड्रम मे महिन्यात उघडले, तर वर जाड साय, खाली श्रीखंडासारखा गोळा आणि अमोनियाचा वास गेलेला. पाणी बोअरचं आहे. सप्लायर म्हणतो साबण वाढवा. वाढवू का?
— एक लघुउद्योजक, चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. साबण वाढवून ड्रम कदाचित टिकेल, पण वाळलेल्या थरात राहिलेला तोच साबण पावसाचं पाणी ओढून घेतो, आणि गच्ची गळू लागली की गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं.

आधी बोअरच्या पाण्यात अंगाचा साबण खळबळून बघा. फेस धरत नसेल तर दुखणं तिथेच आहे. लॅटेक्स दुधासारखं असतं. रबराच्या प्रत्येक बारीक कणाभोवती साबणाचं ऋणभारित कवच असतं, म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत. जड पाण्यातलं कॅल्शियम ते कवच निकामी करतं. लगेच फाटलं तर किमान कळतं तरी. कवच अर्धवट गेलं, तर उरलेलं काम सोलापूरचं ऊन करतं.

अंबरनाथला मी लॅब सांभाळत होते तेव्हा टंचाईत टँकरचं पाणी आलं आणि मी ते न तपासता बॅचला जाऊ दिलं. मिक्सरच्या दांड्याला रबर दोरखंडासारखं गुंडाळलं गेलं. दोघांनी बसून ब्लेडने कापून काढलं. तेव्हापासून एक चाचणी मी कधीच सोडली नाही, ती तुम्हीही करा. दोन बाटल्यांत १००-१०० ग्रॅम लॅटेक्स घ्या. एकीत २० ग्रॅम बोअरचं पाणी घाला, दुसरीत तेवढंच आरओचं. घट्ट झाकून ५० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा दिवस ठेवा, मग नायलॉनच्या मोज्यातून गाळा. मोज्यात राहिलेला चोथा वाळवून तोला. बोअरच्या बाटलीतला जास्त भरला तर दोष पाण्याचा.

माझा दुसरा संशय कॅल्साइटवर, म्हणजे कोटिंगमध्ये भर म्हणून घालतात त्या चुनखडीच्या पावडरीवर आहे. कोरडी पावडर थेट लॅटेक्समध्ये ओतली की ती रबराच्या कणांवरचा साबण स्वतःकडे ओढते. आधी आरओ पाण्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट (पावडरीचे कण सुटे ठेवणारं रसायन) घालून तिची पेस्ट करा, पूर्ण गार होऊ द्या, मग संथ ढवळत लॅटेक्समध्ये सोडा. त्याच कामाचं हेक्सामेटाफॉस्फेट स्वस्त पडतं खरं, पण पाण्यात ते हळूहळू तुटत जातं, म्हणून भरताना छान दिसलेला माल उन्हाळ्यात दगा देतो.

अमोनिया उडतो, पीएच खाली येतो आणि साबणाचं कवच कमकुवत होतं. भरताना पीएच साडेनऊच्या आसपास असू द्या. ड्रम प्लास्टिकचे घ्या, गळ्यापर्यंत भरा, म्हणजे साय धरायला हवाच उरणार नाही. पत्र्याच्या शेडखाली मात्र ठेवू नका.

आता त्या सहा ड्रमांचं. गोळा झालेलं रबर पुन्हा सुटं होत नाही. पाणी घालून मिक्सर फिरवलात तर पातळ दिसेल, पण गच्चीवर सलग थर धरणार नाही. कृपा करून ते कुणाला विकू नका.