गावच्या वाचनालयात मुलांना ऑनलाइन विश्वकोश वापरायला कसे शिकवावे?

तुमच्या वाचनालयात एकच संगणक आहे, शाळेची पोरं प्रकल्पासाठी येतात, आणि त्यांच्यासाठी विकतचा विश्वकोश घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड शासनाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. ते पैसे इंटरनेटला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला ठेवा.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका गावात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पहिली अडचण आली ती शब्दांची. आठवीतली एक मुलगी 'पऱ्हाटी' टाइप करून बसली होती, कामाचं काहीच निघेना. घरी सगळे पऱ्हाटीच म्हणतात, मग तिचं चुकलं तरी काय? मी कागदावर एकाखाली एक लिहून दिलं: पऱ्हाटी, कपाशी, कापूस. 'कापूस' टाकल्यावर एवढी मोठी नोंद उघडली की ती बराच वेळ नुसतं बोटानं ओळी मोजत होती. तेव्हापासून संगणकाजवळ एक वही ठेवलीय. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे पुस्तकातला. फल्लीसमोर भुईमूग, भेदरासमोर टोमॅटो. वही पोरंच भरतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 'आपला जिल्हा' या प्रकल्पासाठी एका मुलानं अकोला जिल्ह्याची नोंद काढली आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "मॅडम, आपलं वाशिम अकोल्यात कसं काय?" त्या नोंदीचा खंड 1976 चा, आणि वाशिम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. नोंद खोटी नाही, तिचं वय झालंय. पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा. लोकसंख्या, तालुके, पिकाखालची जमीन असे बदलणारे आकडे उतरवण्याआधी नोंद कधीची ते बघायचं. पेशी, ग्रहण, ज्वालामुखी समजून घ्यायला मात्र विश्वकोशाची मराठी फार नेटकी आहे.

ताज्या माहितीसाठी मराठी विकिपीडिया उघडा. तिथं कोणीही बदल करू शकतो, म्हणून लेखाखालचे संदर्भ आणि वरचा 'इतिहास' दाखवा. आमची पोरं तर इतिहासच आवडीनं वाचतात, कोणी काय खोडलं ते!

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश, म्हणजे मराठीतला जुना विश्वकोश, तोही ऑनलाइन आहे. केतकर शाळा शिकले ते अमरावतीत, त्यामुळे मला त्याचं वेगळं अप्रूप. पण त्याची भाषा जुनी, शाळकरी मुलांना जड जाते. तो शिक्षकांना सुचवा.

आणि टॉवर गेला की काम थांबू देऊ नका. किविक्स नावाचं फुकट ॲप आहे. मराठी विकिपीडियाची फाइल तालुक्याच्या गावी एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर आणली की नेटशिवाय वाचता येते. पावसाळ्यात आमचं वाचनालय बहुतेक त्यावरच चालतं. फाइल उतरवताना अडलं तर इथंच विचारा, मी पायरी-पायरीनं सांगते.