आजीचं ऐक, पण कारण वेगळं आहे

पत्र असं आहे:

"मावशी, दहावीला मला 91 टक्के पडले. अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतेय. कॉलेजात सेकंड लँग्वेज म्हणून मराठी, हिंदी, जर्मन आणि फ्रेंच आहे. बाबांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. ते म्हणतात जर्मनच घे, स्कोप आहे. मैत्रीण म्हणते फ्रेंच घेऊया, स्कोअरिंग आहे आणि शेजारी बसता येईल. आजी म्हणते मराठी घे, परक्याचं काय करायचंय. खरं सांगू का, मला जपानी शिकायचीय. ॲनिमे बघून बघून मी हिरागाना ही जपानी लिपी लिहायला शिकलेय, वहीच्या मागच्या पानांवर. पण कॉलेजात जपानी नाही. राजारामपुरीत रविवारचा एक क्लास आहे. बाबांना ॲनिमे म्हणजे कार्टून वाटतं. फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचाय. काय करू? नाव छापू नका."

अगं, नाव नाही छापत. पण वहीच्या मागच्या पानांचं छापलं, त्याबद्दल रागावू नकोस. सगळ्या पत्रात मला तेवढंच महत्त्वाचं वाटलं.

आधी त्या 'स्कोप'चं बघू, कारण त्या शब्दानं माझीही दोन वर्षं घेतलीत. 1986 साली मी रशियन शिकायला लागले. आवड म्हणून नाही. आमच्या घरी एक काका यायचे, ते म्हणायचे, भिलाई बघा, बोकारो बघा, सगळीकडे रशियन इंजिनिअर, दुभाष्यांना मरण नाही. गावात पुस्तकांची गाडी यायची, त्यात गुळगुळीत कागदाची सोव्हिएत पुस्तकं मातीमोल किमतीला मिळायची. ती बघून वाटायचं, एवढा मोठा देश, कुठं जातोय? 1991 च्या डिसेंबरात तो देशच नकाशावरून गेला. काका त्यानंतर कॉम्प्युटरच्या स्कोपबद्दल बोलायला लागले. मला रशियनच्या सहा विभक्त्या मात्र आजही येतात, कारण शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या आणि त्यांच्या तासाला मला मजा यायची. पुढं शेजारचा मुलगा डॉक्टर व्हायला रशियात गेला, तेव्हा त्याच्या कॉलेजचे कागद मीच वाचून दिले. एवढाच माझा स्कोप.

म्हणून बाबा चुकतात असं नाही. जर्मनचं कारण आपल्या कोल्हापुरात खरोखर आहे. तुझ्या बाबांना विचार, ड्रॉइंगवर 'जीजी 25' लिहिलेलं असतं ते काय? ते सांगतील, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा ग्रेड. त्यातलं जीजी म्हणजे ग्राऊगुस, करडं बीड. ड्रॉइंगवर 'डीआयएन' दिसलं तर तेही जर्मन मानक संस्थेच्या नावाचं लघुरूप. म्हणजे बाबा रोज जर्मन बोलतात आणि त्यांना पत्ता नाही! शिवाय 2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून जर्मनचं नाव घराघरात निघायला लागलं, ते उगीच नाही.

पण एक लक्षात घे. बाहेर विचारतात ते ए1, ए2, बी1 असल्या पातळीचं सर्टिफिकेट. त्यासाठी गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनची, किंवा तशीच दुसरी मान्य परीक्षा द्यावी लागते. बारावीच्या मार्कलिस्टमधले जर्मनचे 95 तिथं कुणी बघत नाही. ती परीक्षा बारावीनंतरही देता येते, इंजिनिअरिंग करता करताही. अपवाद एकच. बारावीनंतर थेट जर्मनीत पदवी करायचा तुमचा पक्का विचार असेल तर आत्ताच सुरू कर, कारण तिथल्या पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्येच असतात. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

फ्रेंचबद्दल फार लिहीत नाही. भाषा देखणी आहे, आफ्रिकेपासून कॅनडापर्यंत चालते. पण तू ती मैत्रिणीच्या बाकासाठी घेणार आहेस. बाक इंग्रजीच्या तासालाही असतो. आणि 'स्कोअरिंग' म्हणजे काय, तर ठरलेले धडे, ठरलेले निबंध, गाईड. भरपूर मार्क पडलेली आणि पॅरिसमध्ये पाणी मागता न येणारी पोरं मी चिक्कार बघितलीत.

आता जपानी. इथं जरा बसून बोलूया.

तू हिरागाना लिहितेस म्हणजे तुला एक गंमत दिसली असेल. स्वर अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं ना? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची वर्णमाला तिकडे गेली आणि तिच्यावरून त्यांनी हा क्रम लावला. वाक्याची रचना तर आपलीच. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागं. 'ओचा ओ नोमिमास का?' म्हणजे चहा पिणार का? तो शेवटचा 'का' बघ, जागा तीच, काम तेच. वाक्याच्या शेवटी ते 'ने' लावतात, आपण 'ना' लावतो. इंग्रजी माध्यमाच्या पोरांना जे उलटं वाटतं ते आपल्याला सुलटं पडतं. (जर्मनमध्येही आपली एक सोय आहे, बाबांसाठी सांगते. तिथं मुलगी, मेटशेन, नपुंसकलिंगी. लोक यावर हसतात. पण ज्या गावात 'ते पोरगं' म्हणतात आणि मुली खुशाल 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्या गावानं लिंगाला काय घाबरायचं!)

पण ॲनिमेनं तुला एक गोष्ट सांगितली नसेल. हिरागानाची अक्षरं 46, काताकाना या दुसऱ्या लिपीची 46, इथपर्यंत मजा आहे. पुढं कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं. रोजच्या वापराची म्हणून तिथल्या सरकारनं ठरवलेली यादी 2136 चिन्हांची आहे. तिथं पोरं गळतात. आणि ॲनिमेतली भाषा जशीच्या तशी बोललीस तर सरांना 'ए तू' म्हटल्यासारखं व्हायचं, कारण जपानीत आदरार्थी बोलणं आपल्या 'तू, तुम्ही, आपण'पेक्षा कितीतरी पायऱ्यांचं आहे. हे ऐकूनही वही उघडावीशी वाटते का, ते आज रात्री स्वतःला विचार.

वाटत असेल तर माझं मत सांगते. कॉलेजच्या फॉर्मवर मराठी लिही.

हो, आजीचं ऐक. तिचं परकं-आपलं मला पटत नाही, पण निर्णय तिचाच बरोबर आहे. सायन्स, त्यात सीईटी की जेईईचा क्लास, त्यात कॉलेजात एक नवी भाषा आणि रविवारी दुसरी नवी भाषा, असं केलंस तर दिवाळीपर्यंत एक सुटणार. कुठली सुटेल ते तुला माहीत आहे, जिचे मार्क नाहीत ती. मराठीला तुला नव्यानं धुळाक्षरं गिरवायची नाहीत. वाचलेला वेळ रविवारला दे.

क्लासला पैसे भरण्याआधी एक तास बसायला मिळेल का विचार. शिकवणारे किती वर्षं इथं आहेत, वर्गात बोलायला लावतात का, एवढं बघ. मी एका ठिकाणी वर्षाची फी भरली आणि मास्तर चौथ्या महिन्यात दुसऱ्या गावी गेले, फी परत मिळाली नाही. तुझ्या बाबांना महिन्याच्या महिन्याला भरू दे. जेएलपीटी नावाची परीक्षा असते, जुलैत आणि डिसेंबरात, पुण्यातही केंद्र आहे. पहिली पायरी एन5. त्या परीक्षेत बोलायला लावतच नाहीत, म्हणून वर्गात बोलण्याचा आग्रह तूच धर.

राहिले बाबा. त्यांच्यासमोर ॲनिमेचं नाव काढू नकोस, निदान पहिल्या दिवशी. त्यांच्या शॉपमध्ये घेऊन जायला सांग. सीएनसी मशीन कुठल्या कंपनीचं आहे, कंट्रोलर कुठला आहे ते वाच. फानुक असेल तर ती कंपनी जपानी आहे. 'कायझेन', '5एस' हे जपानी कारखान्यांतून आलेले शब्द त्यांच्या भिंतीवर कुठंतरी लावलेले असतीलच. वहीचं मागचं पान उघड आणि त्यांच्यासमोर 'कायझेन' हिरागानात लिहून दाखव. त्यांना म्हणावं, डिसेंबरची नको, पुढच्या जुलैची एन5 देते. पास झाले तर क्लास चालू. नापास झाले तर बारावीनंतर मॅक्समुल्लर भवन, तुमच्या मनासारखं.

आणि जर्मनची एवढीच हौस असेल तर ए1 त्यांनीच करावी. वयाची अट नाही.

मैत्रिणीला फ्रेंच घेऊ दे. डबा एकत्र खा.