सात लाखांचे साडेनऊ लाख कसे झाले?

प्रश्न : मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी चार वर्षांत ७ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. व्याज १० टक्के, सहकर्जदार मी. कोर्स संपून वर्ष झालं, तर बँक ९ लाख ४५ हजारांवर दहा वर्षांसाठी १२,४९० रुपयांचा हप्ता सांगते. मुलाच्या हातात २२ हजार येतात. धाकटीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश यंदा आहे, तो थांबवावा का?
— एक पालक, सांगली

उत्तर : थांबवू नका. थोरल्याच्या हप्त्यापायी धाकटीला गावातल्याच कॉलेजात कशाला तरी बसवायचं, हे फार घरांत चाललंय.

आधी हिशेब. हप्ता नसला तरी त्या पाच वर्षांत व्याज चालूच होतं. दरवर्षी १ लाख ७५ हजार उचललेत. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं सरळव्याज ८७,५००, मग ७०,०००, ५२,५०० आणि ३५,०००. बेरीज २ लाख ४५ हजार, ती मुद्दलात मिसळली. बँकेचा आकडा बरोबर आहे. तरी खातेउतारा मागून उचलीच्या तारखा जुळवून पाहा.

पहिला हप्ता थकण्याआधीच मुदत १५ वर्षं करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हप्ता साधारण १०,१५५ वर येईल. एकूण भरणा मात्र १५ लाखांवरून सव्वाअठरा लाखांवर जातो, म्हणून पगार वाढला की जादा रक्कम भरत राहा. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत ठरतं आणि तुमचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, पडतो. पुढं घरदुरुस्तीला कर्ज मागाल तर तिथंच अडेल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०ई ची करसवलत तूर्त विसरा, एवढ्या पगाराला कर बसतच नाही.

आता धाकटी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, ऐन गर्दीत तोच रखडतो. हॉस्टेल-मेससाठी कर्ज लागलंच, तर व्याज पहिल्या महिन्यापासून भरा : १० टक्क्यांनी लाखाला महिना ८३३ रुपये.