खानापूरच्या जंगलात खून घडवायचा, तर रेंजरला नायक कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेवाडा बार या लेखिकेनं अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत रेंजर म्हणून काम केलं आणि त्यातूनच तिच्या रेंजर नायिकेच्या रहस्यकादंबऱ्या (पहिली १९९३ ची) आल्या. तसं काही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या भीमगडच्या जंगलात बेतता येईल का, आणि काय सांभाळावं?

येईल. फक्त तिकडचा रेंजर जशाचा तसा इकडं उचलू नका. तिकडं कायदा-सुव्यवस्थेच्या कामावरचा रेंजर कमरेला पिस्तूल लावतो आणि उद्यानातल्या गुन्ह्यात अटकही करतो. आपल्या आरएफओला, म्हणजे वनखात्याच्या रेंजरला, माणसाच्या खुनाचा तपास करता येत नाही. प्रेत पोलिसांचं, जनावर वनखात्याचं. नवे लेखक याला अडचण समजतात आणि कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणातच रेंजरला फौजदार करून टाकतात. मला विचाराल तर कादंबरी याच फटीत आहे.

समजा, हेम्माडग्याच्या पुढं ओढ्याकाठी गवा मरून पडलाय आणि त्याच्यापासून वीस पावलांवर माणूस. गव्यासाठी खातं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली एफओसी, म्हणजे वनगुन्हा, नोंदवणार. गवा अनुसूची १ मध्ये आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षं. माणसासाठी खानापूर ठाण्यात यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद, आता बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १९४ खाली (पूर्वीचं सीआरपीसी १७४). जागा एकच, पण पंचनामे दोन, पंच वेगळे, वेळा वेगळ्या. एका कागदात बंदुकीचा बोळा (दारूवर ठासायचा चिंध्यांचा किंवा कागदाचा गोळा) सापडलाय, दुसऱ्यात नाही. तिथून सुरू करा.

आणि कर्नाटकात कागदावर पंचनामा नसतो, ‘महजर’ असतो, तोही कन्नडात. पंच म्हणून उभा केलेला तळेवाडीचा किंवा गवाळीचा म्हातारा मराठी वाचणारा. त्याला तोंडी मराठीत सांगतात आणि तो खाली मोडीसारखी गिचमिड सही ठोकतो. काय लिहिलंय हे त्याला कोर्टातच कळतं. सीमाभागाबाहेरच्या लेखकाला हे सुचणार नाही. तुम्ही सोडू नका.

कबुलीजबाबाच्या प्रसंगात हमखास चूक होते. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकालाही ठाऊक असतं. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० (८) खाली जबाब घेता येतो आणि आरोपीच्या समक्ष घेतला असेल तर तो पुराव्यात येतो. पण तो अधिकार सरकारनं नेमलेल्या एसीएफ (सहायक वनसंरक्षक, रेंजरचा वरिष्ठ) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला. तुमच्या रेंजरनं कॅम्पातल्या चुलीपाशी रात्रभर बसून सगळं वदवून घेतलं, तरी सकाळी एसीएफ साहेब येईपर्यंत त्याची किंमत शून्य, आणि सकाळी आरोपी वकिलाचं नाव घेतो.

हत्यार ठासणीची बंदूक ठेवा. रायफल आणलीत तर कथा मुंबईची होते. ठासणीत नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, वर काथ्याचा, चिंध्यांचा किंवा कागदाचा बोळा, तो गजानं ठासायचा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि मागं टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी कॅप. एकदा उडवली की पुन्हा भरायला वेळ जातो, त्यामुळं ‘लागोपाठ दोन बार ऐकू आले’ याचा अर्थ दोन बंदुका (किंवा दुनळी, पण मग ते आधी पेरून ठेवा). काडतूसच नाही, त्यामुळं पुंगळी मागं राहत नाही. नळीला आतून आटे नसतात, म्हणून छर्रा अमक्याच बंदुकीतला असं तज्ज्ञ छातीठोक सांगू शकत नाही. राहतो तो बोळा, बंदुकीच्या तोंडापुढं काही पावलांवर, कडांना जळलेला. तो वर्तमानपत्राचा असेल तर उलगडून बघा: कन्नड की मराठी, तारीख कुठली. इंग्लंडात लँकेस्टरला १७८४ साली असाच बोळ्याचा कागद आरोपीच्या खिशातल्या फाटक्या कागदाशी जुळला आणि तो दोषी ठरला. पावसाळ्यात दारू आणि टोपी दोन्ही सर्दावतात, बार फुसका जातो. जुलैत खून घडवणार असाल तर खुन्यानं दारू कोरडी कशी ठेवली हे दाखवावं लागेल. परवान्याची बंदूक असेल तर आणखी एक गंमत: निवडणूक लागली की बऱ्याच परवानेवाल्यांना बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. ज्याची बंदूक ठाण्यात, तो सुटला असं सगळे धरून चालतात.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, वापराच, पण नीट. वाघाच्या मोजणीचा कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, साधारण ४० ते ४५ सेंटीमीटरवर बांधतात. वाटेवरून माणूस गेला तर पोटऱ्या, लुंगीचा काठ आणि चपला येतात. चेहरा बहुधा येत नाही. कॅमेरा इन्फ्रारेडचा असेल तर रात्रीचा फोटो काळापांढरा, त्यामुळं ‘निळी लुंगी’ दिसली असं लिहू नका. कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असतात, कारण वाघाच्या दोन कुशींचे पट्टे वेगळे असतात. म्हणजे एका कार्डात जे आहे ते दुसऱ्यातही हवं. नसेल तर एक कॅमेरा चुकला, नाहीतर कुणीतरी कार्ड काढलंय. घड्याळ हा खरा दगाबाज. काही कॅमेऱ्यांत सेल संपले की तारीख मूळपदावर जाते, आणि सेल बदलणाऱ्यानं सकाळ-संध्याकाळ चुकवली तर सगळे फोटो बारा तास सरकतात. म्हणून लावताना लेन्ससमोर पाटीवर तारीख-वेळ लिहून पहिला फोटो काढतात. आख्खी ॲलिबी (‘मी तेव्हा तिथं नव्हतोच’ हा बचाव) त्या पाटीवर मोडता येते.

जनावरानं मारलं की माणसानं, हा प्रश्न येणारच. मृत्यू वन्यप्राण्यानं झाला तर वारसांना सरकारी भरपाई मिळते, म्हणजे बनाव करायला कारणही आहे. गवा शिंगानं उचलतो, अस्वल तोंड आणि डोकं ओरबाडतं. मेल्यानंतर रानडुकरांनी कुरतडलेल्या जखमेतून जिवंतपणीसारखा रक्तस्राव होत नाही, आणि मुंग्यांनी सोललेली कातडी भाजल्यासारखी दिसते. घाईतला डॉक्टर तिथं फसू शकतो.

पावलांच्या ठशांबद्दल: जांभ्याच्या कातळावर काही उमटत नाही, ओढ्याच्या गाळातच बघायचं. आधी पट्टी ठेवून फोटो, मग ठशाभोवती दोन बोटं उंचीचं कडं, दोन भाग प्लास्टरला एक भाग पाणी, कडेनं हळू ओतायचं, अर्धा तास हात लावायचा नाही. ओल्या मातीत जास्त वेळ लागतो, आणि कणकुंबीकडच्या पावसात तेवढा वेळ मिळत नाही.

संशयितांची यादी कायदाच देतो. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, क्षेत्र १९० चौरस किलोमीटर. कलम २७ प्रमाणं आत कामावरचे सरकारी नोकर, परवानगी असलेले, आतल्या जमिनीचे मालक आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारे, एवढेच. शिवाय यांतल्या पहिल्या तिघांवर अवलंबून असलेली घरची माणसं. बाकी रात्री आत दिसला त्याला उत्तर द्यावं लागतं. बंद खोलीच म्हणा ना, फक्त भिंती करवंदीच्या, आणि पलीकडं गोव्याचं म्हादई अभयारण्य. हद्द ओलांडली की खातंही बदलतं.

नायक रेंजरच हवा असा हट्ट नको. रेंजरचा दिवस फायली, कोर्टाच्या तारखा आणि जीपच्या डिझेलमध्ये जातो. पायवाट माहीत असते गार्डाला, त्याहून वॉचरला. विजयपूरकडून बदलून आलेला कन्नड गार्ड आणि गावातलाच मराठी वॉचर, अशी जोडी जमेल. गार्ड त्याला ‘मामा’ म्हणेल, तो गार्डाला ‘सर’, आणि रागावला की ‘तुमास्नी काय कळतंय ओ’.

आणि प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या दिवशी आणू नका. मांसाचा तुकडा गव्याचाच का हे बघायला नमुना हैदराबाद किंवा डेहराडूनला जातो. तो परत येईतो ओढा आटलेला असेल, वॉचरचा पगार थकलेला असेल, आणि गार्डाची बदलीही झालेली असेल.