"तिला सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेईल"

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी २४ वर्षांचा. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास आमचा कंडोम फाटला, मला काढताना कळलं. नेहमी वापरतो तरी असं कसं झालं? महागातला घ्यायला हवा का? की जाड? त्या दिवशी बॉडी ऑइल लावलं होतं, त्याने झालं असेल का? दोन घातले तर सेफ राहील का? तिला अजून सांगितलं नाहीये, उगाच टेन्शन घेईल. पुढच्या वेळी काय करू ते प्लीज सांगा."

अरे, पुढची वेळ राहू दे बाजूला. तुझा मेल सोमवारी सकाळी नऊला वाचला आणि तिथल्या तिथे तुला उत्तर पाठवलं, इथे टाकतेय ते तुझ्यासारखं गप्प बसलेल्या बाकीच्यांसाठी.

पाच प्रश्न कंडोमचे, आणि जिच्या पोटाचा प्रश्न आहे तिच्याबद्दल एक ओळ. मला राग आलाय, लपवत नाही. कंडोम फाटणं ही तुझी चूक धरत नाही मी, कुणाचाही फाटतो. पण कळल्यावर तू गप्प बसलास, त्याला ३४ तास झाले.

हे तास तिचे आहेत रे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, म्हणून मंगळवार रात्रीपर्यंत वेळ आहे असं समजू नकोस, जितकी लवकर तितकी ती जास्त उपयोगी, कारण ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, आणि बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीच्या हातात फार काही उरत नाही. म्हणजे तू इथे जाड की पातळ विचारत बसलायस तेवढ्यात तिचा चान्स कमी होतोय आणि तिला पत्ताच नाही. टेन्शन घेईल म्हणतोस ना, घेऊ दे की! टेन्शन घेतलेली बाई मेडिकलमध्ये जाऊ शकते, डॉक्टरला विचारू शकते. जिला माहीतच नाही ती काय करणार?

आत्ता फोन कर. मेसेज नको, फोन. असं बोल: "शनिवारी कंडोम फाटला होता, मला तेव्हाच कळलं होतं, सांगितलं नाही, माझं चुकलं. गोळी लवकर घ्यावी लागते. काय करायचं ते तू ठरव, मी सोबत येतो." मधे "घाबरू नको" नको, "काही होत नसतं" तर अजिबातच नको.

ती हो म्हणाली तर तिला हेही माहीत असू दे, की गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते, पुढची पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते, आणि आधीच राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही. गोळीपेक्षा खात्रीचं हवं असेल तर पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून कॉपर टी बसवता येते. आतून साबणाने वगैरे धुवायला लावू नकोस, त्याने गर्भ राहायचा थांबत नाही, आग मात्र होते. शनिवारपासून तीन आठवड्यांनी प्रेग्नन्सी टेस्ट, पाळी आल्यासारखी वाटली तरी. आणि तुमच्या दोघांच्या एचआयव्ही आणि बाकीच्या टेस्ट कधी झाल्यात? शंका घ्यायला जागा असेल तर पेपची (संबंधानंतर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायची) औषधं पण ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, २८ दिवस चालतात, तेही आजच डॉक्टरला विचारा.

तुझे पाच प्रश्न पटकन: तेलानेच झालं असणार, तेल आणि पेट्रोलियम जेलीने लेटेक्स कमकुवत होतं, पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट वापर. महागाचा, जाडीचा संबंध नाही, एक्सपायरी बघ, खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवून ठेवून तापवू नकोस, टोकाला हवा चिमटून जागा सोड. दोन घालायचे नाहीत, एकमेकांवर घासून दोन्ही फाटू शकतात.

ती चिडेल. रडेल कदाचित, म्हणेल दोन दिवस तू माझ्याशी नॉर्मल कसा बोलत होतास, आणि याला तुझ्याकडे चांगलं उत्तर नाहीये, तेव्हा शोधू नकोस, ऐकून घे. तोवर बूट घालून तयार राहा, ती ये म्हणाली तर लगेच निघता येईल.