घोषणेआधी नावाचे कागद कर

प्रिय मित्रा,

कंपनीचा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट फाउंडेशनकडे सोपवतोयस, उत्तम. पण घोषणेची तारीख ठरवण्याआधी नाव कोणाच्या मालकीचं आहे ते तपास. असे प्रोजेक्ट ज्या परवान्यांखाली दिले जातात, त्यांपैकी अपाची २.० लायसन्सचं ६ वं कलम वाच. कोड कोणीही घ्यावा, पण ट्रेडमार्कची, म्हणजे नाव-लोगो वापरायची, परवानगी त्यातून मिळत नाही. कोड मूळ कुठला हे सांगण्यापुरती काय ती सूट.

नॅट्स या संदेशवहनाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं प्रकरण बारकाईने बघ. २०१८ मध्ये हा प्रोजेक्ट सीएनसीएफकडे (लिनक्स फाउंडेशनची एक शाखा) गेला, ट्रेडमार्कची नोंदणी मात्र तो चालवणाऱ्या सिनेडिया कंपनीकडेच राहिली. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि गिटहब रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) परत मागितली. नॅट्सचा सर्व्हर बिझनेस सोर्स लायसन्स या वापरावर बंधनं घालणाऱ्या परवान्याखाली न्यायचा बेत होता. फाउंडेशनने अमेरिकेत ट्रेडमार्कची नोंदणी रद्द करायची मागणी केली. १ मे रोजी समझोता जाहीर झाला: ट्रेडमार्क लिनक्स फाउंडेशनच्या नावावर, डोमेन आणि रिपॉझिटरी सीएनसीएफकडेच. एवढं रामायण एका न झालेल्या दस्तापायी. लिबरऑफिसवाल्यांना तर तेवढंही जमलं नाही: २०१० मध्ये त्यांनी ‘ओपनऑफिस’ हे जुनं नाव मागितलं, त्याची मालक कंपनी ओरॅकलने दिलं नाही, आणि पुढच्या वर्षी ते अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं.

तेव्हा आधी हस्तांतरणाचा दस्त, मग घोषणा. ‘सही मागाहून करू’ असं कंपनीचा वकील म्हणाला तर तारीख पुढे ढकल. दस्तात ‘नावलौकिकासह’ हे शब्द हवेतच. नोंदणी देशागणिक वेगळी असते. भारतात असेल तर टीएम-पी हा ट्रेडमार्क कार्यालयाचा अर्ज भरून नवा मालक नोंदवावा लागतो. सॉफ्टवेअर सहसा ट्रेडमार्क नोंदणीच्या ९ व्या वर्गात आणि सेवा ४२ व्या वर्गात असतात, दोन्ही बघ. लोगो बाहेरच्या डिझायनरने केला असेल तर कॉपीराइटसाठी त्याचीही सही घे. हे हमखास राहून जातं.

डोमेन कोणाच्या खासगी ईमेलवर आहे? नूतनीकरणाचे पैसे कोणाच्या कार्डातून जातात? गिटहबचे ओनर, एनपीएम किंवा पायपीआय या पॅकेज-भांडारांवरची पॅकेजची नावं, रिलीजवर सही करायच्या डिजिटल किल्ल्या, सगळं यादीत येऊ दे.

कंपनीला तेच नाव आपल्या क्लाउड सेवेसाठी हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. परवाना लेखी दे, पण ‘एकमेव’ हा शब्द दिसला की थांब. वर्डप्रेसचं नाव २०१० मध्ये फाउंडेशनकडे गेलं, व्यावसायिक वापराचा एकमेव हक्क मात्र ते देणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीकडे परत आला. २०२४ मध्ये ऑटोमॅटिक आणि डब्ल्यूपी इंजिन या वर्डप्रेस होस्टिंग कंपनीच्या वादात तोच मुद्दा पुढे आला.

भारतातली नोंदणी १० वर्षांची असते. नूतनीकरणाची फी कोणी भरायची, तेही दस्तातच लिहून घे.